नाणेघाट ते काळबादेवी : जुन्नर-आंबेगांव प्रांतांतील कापडाची वाट

(१) जुन्नर आणि आंबेगांव या दोन तालुक्यांचा इतिहास म्हटला कीं शिवनेरी, लेण्याद्रि आणि नाणेघाट हीं नांवें प्रथम पुढें येतात, आणि तें योग्यच आहे. परंतु किल्ला राखणारे, लेणीं कोरविणारे आणि घाट चढणारे हे सर्व लोक अंगावर वस्त्र घालीत होते. तें वस्त्र कोठून येई, कोण विकी, कोण विकत घेई, आणि तें घाटानें खालीं उतरे कीं वर चढे, याचा विचार फारसा झालेला नाहीं. प्रस्तुत लेखांत तो करण्याचें योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे : हा प्रांत विणकरांचा प्रांत म्हणून इतिहासास परिचित नाहीं, तो कापडाच्या वाटेवरचा प्रांत म्हणून परिचित आहे. शातवाहनकाळीं ही वाट देशावरून समुद्राकडे वाहत होती. एकोणिसाव्या शतकांत तिची दिशा उलटली. कापड समुद्राकडून वर येऊं लागलें आणि त्याच्या बदल्यांत माणसें खालीं उतरूं लागलीं. १९३० सालीं मुंबईच्या काळबादेवी रस्त्यावर जें घडलें, त्याचा पुरता अर्थ ही उलटापालट ध्यानांत घेतल्यावांचून लागत नाहीं.

(२) प्रथम स्थळाचा विचार करूं. जुन्नर शहर कुकडी नदीच्या खोऱ्यांत वसलें आहे. आंबेगांव तालुका घोड नदीच्या खोऱ्यांत आहे. दोन्ही नद्या सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून पूर्वेस वाहतात. कुकडी घोडेस मिळते व घोड भीमेस. म्हणजे देशावरील सपाट मुलुखांतून नदीच्या कांठाकांठानें पश्चिमेस निघालेला प्रवासी सहजच घाटमाथ्याशीं येऊन ठेपतो. जुन्नरपासून सुमारें ३० किलोमीटरवर नाणेघाट आहे, आणि तो उतरलें कीं कल्याण बंदराची वाट लागते. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असत असें लोक सांगतात. ही दंतकथा मानली, तरी खडक फोडून केलेली वाट आणि खोदलेलीं टांकीं हीं तर दंतकथा नव्हेत. घाटांतील लेण्यांत शातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. त्यांत निरनिराळ्या यज्ञांच्या प्रसंगीं दिलेल्या दक्षिणेची जी गणना आहे, तींत गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांच्या पंक्तीस 'पट' म्हणजे वस्त्रेंही आहेत. वस्त्र हें येथें नाण्याप्रमाणें मोजून देण्याची वस्तु झालेलें दिसतें.

कल्याणाशीं असलेला संबंध केवळ भूगोलावरून अनुमानावयाचा नाहीं. लेण्याद्रि येथील चैत्यगृह ज्यानें कोरविलें तो सुलसदत्त कल्याणचा राहणारा, हेरणिकाचा पुत्र होता. हेरणिक म्हणजे संस्कृत हैरण्यिक. त्याचा अर्थ सोनार घ्या अथवा कोशाध्यक्ष घ्या, मनुष्य पैशाच्या व्यवहारांतला होता यांत संशय नाहीं. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचेही लेख आहेत : इरिल नांवाच्या यवनानें दोन पाण्याचीं टांकीं दिलीं, चिट नांवाच्या यवनानें संघासाठीं भोजनमंडप दिला. बंदरावरचा पैसा घाट चढून जुन्नरास येत होता, तो उगाच येत नव्हता. त्याच्या बदल्यांत कांहींतरी माल खालीं जात होता.

(३) तो माल कोणता, याचें उत्तर एका ग्रीक नाविकाच्या वृत्तांतांत मिळतें. 'पेरिप्लस' या नांवानें प्रसिद्ध असलेला हा ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकांतला. त्यांत दक्षिणापथांतील दोन मोठ्या पेठा सांगितल्या आहेत, पैठण व तगर. तगराहून पुष्कळसें जाडेंभरडें कापड, नाना प्रकारचीं तलम वस्त्रें आणि इतर माल गाड्यांवर घालून बिकट वाटांनीं भडोचेस नेत असत, असें तो सांगतो. हें तगर कोणतें, यावर मागील पिढीच्या विद्वानांत मोठा वाद झाला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तगर म्हणजे जुन्नर असा पक्ष मांडला होता, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं धारूराकडे बोट दाखविलें. शेवटीं १९०१ सालीं फ्लीट यांनीं तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें सिद्ध केलें, आणि तेंच आज सर्वमान्य आहे. जुन्नरकरांस या निर्णयाचें वाईट वाटण्याचें कारण नाहीं. तगर हें कापड गोळा होण्याचें ठिकाण होतें. जुन्नर हें समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेचें दार होतें. दोन्ही पदव्या मोठ्याच आहेत, पण त्या वेगळ्या आहेत.

त्याच ग्रंथांत कल्याणाविषयीं एक मार्मिक नोंद आहे. पूर्वीं तें मान्यताप्राप्त बंदर होतें. पुढें सत्तापालट होऊन तेथें येणारीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत घालून भडोचेस नेण्यांत येऊं लागलीं. वाचकांच्या लक्षांत येईल कीं, ज्या दिवशीं कल्याणचें बंदर अडलें, त्या दिवशीं नाणेघाटाचा व्यापारही अडला असला पाहिजे. भडोचेचा धनी त्या वेळीं क्षहरात क्षत्रप होता, आणि त्याच क्षहरात नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख जुन्नरास मानमोडीच्या डोंगरांत आहे. घाटाचा माथा हातीं असल्याशिवाय बंदराची आवक आंवळतां येत नाहीं, हें नहपान जाणून होता असें दिसतें.

(४) नहपानाच्या राज्यांत कापडाचा धंदा कसा चाले, याचा उत्तम पुरावा जुन्नरास नसून नाशिकास आहे. राज्य एकच असल्यामुळें तो येथें घेणें युक्त आहे. नहपानाचा जांवई उषवदात यानें ४२ व्या वर्षीं नाशिकच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंसाठीं ३००० कार्षापणांची अक्षयनीवी म्हणजे कायम ठेव करून दिली. ती रक्कम त्यानें गोवर्धन येथील कौलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, दोन निकायांकडे ठेविली : २००० एकाकडे, दरमहा शेंकडा एक पडिक व्याजानें, १००० दुसऱ्याकडे, शेंकडा पाऊण पडिक व्याजानें. मुद्दल कधीं परत मागावयाचें नाहीं, व्याज तेवढें भोगावयाचें. पैकीं २००० वरील व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकीं प्रत्येकास चीवरासाठीं बारा कार्षापण द्यावे, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे.

शाळेंत व्याजाचीं उदाहरणें घालणाऱ्यांस हा हिशेब ताडून पाहण्याचा मोह आवरत नाहीं. २००० वर दरमहा शेंकडा एक म्हणजे २०. बारा महिन्यांचे २४०. वीस भिक्षु, प्रत्येकी बारा, म्हणजेही २४०. हिशेब एका कवडीनें चुकत नाहीं. त्यावरून पडिक आणि कार्षापण हीं एकाच नाण्याचीं नांवें आहेत हें विद्वानांनीं ठरविलें तें बरोबरच आहे. पण या आंकड्यांतून आणखी तीन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, भिक्षूचें वस्त्र हें आतां दात्यानें हातीं द्यावयाचें दान राहिलें नसून पैसे घेऊन विकत आणण्याचा जिन्नस झालें होतें. दुसरी ही कीं, सालिना शेंकडा बारा, तेंही अखंड, देण्यास विणकरांचा निकाय तयार झाला, त्या अर्थीं त्याच्या धंद्यांत त्याहून अधिक सुटत होतें. तिसरी ही कीं, राजाचा जांवई ज्यांच्या हातीं पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव सोंपवितो, त्यांची पत राजाहून दीर्घायुषी मानली जात होती. आणि तसेंच ठरलें. क्षहरातांचें घराणें गौतमीपुत्रानें लवकरच बुडविलें.

(५) आतां जुन्नरकडे पुन्हां वळूं. जुन्नरच्या भोंवतीं दोनशेंहून अधिक लेणीं आहेत, आणि त्यांतील लेखांत श्रेणींचीं नांवें येतात : धान्याचा व्यापार करणाऱ्यांची श्रेणी, कांसारांची श्रेणी, बांबूचें काम करणाऱ्यांची श्रेणी. धान्यवाल्यांच्या श्रेणीनें तर स्वतः सात खोल्यांचें लेणें व टांकें दिलें. या यादींत कौलिकांचें नांव नाहीं. केवळ नांव नाहीं म्हणून विणकर नव्हतेच असें म्हणणें तर्कशास्त्रास सोडून होईल. प्रत्येक खेड्यांत अंगापुरतें विणणारा कोणीतरी असणारच. परंतु ज्या श्रेणी येथें संपन्न होत्या त्यांचे धंदे पाहिले म्हणजे एक चित्र दिसूं लागतें. वाटसरूस धान्य हवें, भांडें हवें. माल बांधून न्यावयास करंड्या व टोपल्या हव्यात. हे तीन धंदे वाटेवरच्या मुक्कामाचे आहेत. कापड येथें पाठीवरून उतरत होतें, रात्रभर थांबत होतें आणि सकाळीं पुन्हां पाठीवर चढत होतें. आमच्या मतें जुन्नरचें प्राचीन वैभव या थांबण्यांत आहे.

(६) मध्ययुगांत या वाटेचें महत्त्व कमी झालें नाहीं. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी चौलेस उतरून घोडा विकण्याच्या आशेनें जुन्नरास आला आणि पावसाळ्याचे दोन महिने तेथें राहिला. त्यानें लोकांचा पोशाख नोंदला आहे : कमरेस एक फोत, खांद्यावर दुसरी, डोक्यास तिसरी. तीन न शिवलेलीं वस्त्रें. शिंप्याची कात्री लागावयाची नाहीं. उत्तरीय व अधरीय या आपल्या प्राचीन जोडीस डोक्याच्या वस्त्राची भर, एवढाच यांत फरक आहे. ज्या देशांत वस्त्र असें अखंड नेसतात, तेथें विणणारा आणि नेसणारा यांच्यामध्यें एकच मनुष्य उभा असतो, तो म्हणजे विकणारा. म्हणूनच आपल्याकडे कापडाची पेठ हीच वस्त्राची पेठ होती.

१४९० सालीं मलिक अहमदानें जुन्नरास स्वतंत्र निजामशाही स्थापिली. पुढें राजधानी अहमदनगरास गेली तरी शहर समृद्ध राहिलें. त्याचा दाखला शत्रूच्या लुटीवरून मिळतो, आणि लुटीची यादी ही पेठेच्या यादीइतकीच बोलकी असते. ३० एप्रिल १६५७ च्या रात्रीं शिवाजी महाराजांनीं दोराच्या शिड्या लावून मोंगलांच्या ताब्यांतील जुन्नर शहरांत प्रवेश केला. त्या लुटींत ३ लक्ष होन, २०० घोडे, जवाहीर आणि उंची वस्त्रें सांपडलीं असें इतिहासकार सांगतात. महाराजांचें जन्मस्थान असलेल्या शिवनेरीच्या पायथ्याशीं होन आणि वस्त्रें एकाच यादींत यावीं, हें त्या शहराच्या स्वभावास धरूनच आहे.

(७) पेशवाईंत राजधानी पुण्यास स्थिर झाली आणि कापडाची मोठी पेठ तिच्या मागोमाग गेली. पूर्वींच्या मलकापुराची रविवार पेठ झाली, आणि तिच्यांतील कापडगंज हें नांव आजही त्या व्यापाराची साक्ष देतें. जुन्नरच्या वांट्यास मात्र कापडाच्या मरणानंतरची क्रिया आली, आणि ती त्यानें फार चांगली केली. जुन्नरचे कागदी जुनीं गोणपाटें, चिंध्या असल्या टाकाऊ तंतूंचा लगदा करून जो हातकागद करीत, तो 'जुन्नरी' या नांवानें देशभर चाले, आणि पेशव्यांच्या दप्तरांतील लिखाणास तोच पुष्कळसा वापरला गेला. आम्ही इतिहासाचे अभ्यासक ज्या कागदांवर डोळे ताणतों, ते एके काळीं कोणाच्या तरी पाठीवरचें वस्त्र अथवा बैलावरची गोणी असण्याचा पुष्कळ संभव आहे. दप्तराच्या परिभाषेंतही कापड बसलें आहे. कागद ज्यांत बांधतात तो रुमाल. कागदांचा बांधलेला गठ्ठा तो बस्ता. आणि लग्नाच्या कापडखरेदीसही आपण बस्ताच म्हणतों. मूळ फारसी शब्दाचा अर्थ 'बांधलेलें' एवढाच आहे. पण मराठींत त्या एका शब्दानें लग्नघर आणि दप्तरखाना एकत्र बांधले आहेत.

(८) यापुढें वाट उलटते. १८१८ नंतर इंग्रजी यंत्राचें कापड मुंबई बंदरांत उतरूं लागलें. तोंपर्यंत परदेशांत जे कापडाचे शब्द गेले ते येथून गेले होते : छिटावरून इंग्रजांचें चिंट्झ, कालिकतावरून कॅलिको, मुंबईच्या डोंगरीवरून डंगरी. आतां शब्द व माल दोन्ही तिकडून येऊं लागले. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली. ज्या कापडास पूर्वीं बैलांच्या तांड्यानें नाणेघाट चढावा लागला असता, तें एका दिवसांत पुण्यास येऊं लागलें, आणि जुन्नरचें दार पाठीमागचें झालें. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईस पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली होती. पुढें गिरण्या भराभर वाढल्या. या देशी गिरण्यांच्या कापडावर १८९६ सालीं सरकारनें शेंकडा साडेतीन कर बसविला, तो लँकेशायरच्या मालास समान भूमि मिळावी एवढ्यासाठींच. आणि तो पुढें जवळजवळ तीस वर्षें चालला.

या घडामोडीचा परिणाम खोऱ्यांतील माणसावर काय झाला? कुकडी व घोड यांच्या वरच्या अंगाची जमीन डोंगराळ. पाऊस पुष्कळ, पीक थोडें. घाटावरून चालणारा माल संपला कीं हमाली, बैल, मुक्काम, सर्व संपलें. मग घाटानें माणसेंच उतरूं लागलीं. जुन्नर, आंबेगांव, खेड, मावळ येथील माणसें मुंबईस जाऊन गिरणींत, गोदींत, बाजारांत लागलीं. घरोघरचे डबे कचेऱ्यांत पोहोंचविण्याचा मुंबईचा प्रसिद्ध धंदा याच तालुक्यांतील लोकांनीं चालविला आहे. पूर्वीं कौलिक आपल्या गांवांत बसून विणी आणि त्याचें कापड प्रवास करी. आतां कापड यंत्राजवळ स्थिर राहिलें आणि विणणारा प्रवास करूं लागला.

आणि हाच मनुष्य कापडाचा गिऱ्हाईकही होता, हें विसरतां कामा नये. गांवीं लग्न निघालें कीं मुंबईस असलेल्या भावाला अथवा चुलत्याला निरोप जाई. काळबादेवीच्या आसपास मुळजी जेठा मार्केट व मंगळदास मार्केट यांत ठाणें रचलेलीं. भुलेश्वराकडे गोट, किनार, गुंड्या, मणी. लुगडीं, धोतरजोडे, खण, मांजरपाट, मुंडाशाचें कापड हें एकेक बोटांनीं चोळून, उजेडाशीं धरून, हातानें मोजून घ्यावयाचें. वधूपक्षानें काय द्यावयाचें व वरपक्षानें काय, याची यादी करावयाची. आणि सर्व गांठोडें बांधून घाट चढावयाचा. नागनिकेच्या यज्ञांतला 'पट' आणि या गांठोड्यांतलें लुगडें यांत मानाची गोष्ट एकच आहे. दिशा तेवढी उलटी आहे. गिरणींत स्वतः काढलेलें सूत दुसऱ्याच्या दुकानीं रोख पैसे मोजून परत घ्यावयाचें, हा व्यवहार उषवदाताच्या काळच्या कौलिकास चमत्कारिक वाटला असता.

(९) महाराष्ट्रानें या उलट्या दिशेस विरोध केला तो कापडाच्याच भाषेंत. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारास हातविणीचा पोशाख करून गेले. १९०५ च्या ऑक्टोबरांत पुण्यास आणि ३१ जुलै १९२१ रोजीं मुंबईस परळ येथें विलायती कापडाच्या होळ्या झाल्या. या सर्व प्रसंगीं पुढारी सुशिक्षित होते आणि जाळलें जाणारें वस्त्र ज्याचें त्याचें होतें. १२ डिसेंबर १९३० चा प्रसंग निराळा आहे. आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळ या गांवीं १९०८ सालीं जन्मलेला, मुंबईच्या गिरणींत काम करणारा बाबू गेनू सैद हा तरुण त्या दिवशीं काळबादेवी रस्त्यावर मँचेस्टरच्या व्यापाऱ्याचें कापड नेणाऱ्या मोटारीपुढें आडवा झाला. मोटार त्याच्या अंगावरून गेली आणि तो मरण पावला. तेव्हां त्याचें वय २२ होतें.

या हौतात्म्याचें वर्णन नेहमीं देशभक्तीच्या एका शब्दांत केलें जातें. तें खरें आहे, पण अपुरें आहे. तो मनुष्य त्या ठिकाणीं योगायोगानें आलेला नव्हता. त्याचा गांव अशा प्रांतांत होता कीं ज्याच्या घाटांतून कापड दोन हजार वर्षें खालीं गेलें होतें. तें बंद झालें म्हणून त्या प्रांतांतले लोक स्वतः खालीं उतरले होते. तो ज्या गिरणींत राबत होता तिच्या कापडाशीं स्पर्धा करणारा माल त्या मोटारींत होता. आणि जेथें तो आडवा झाला, त्याच पेठेंत त्याच्या खोऱ्यांतील कुटुंबें आपला बस्ता बांधीत. विणकर, वाहणारा आणि विकत घेणारा हे तिन्ही संबंध एका देहांत एकत्र आले होते. लेखांत कौलिकांचा निकाय आहे, पण एकाही कौलिकाचें नांव नाहीं. कापडाच्या या दीर्घ कथेंत कापडावर मजुरी करणाऱ्या ज्या मनुष्याचें नांव आपणांस ठाऊक आहे, तो हा आंबेगांवकर. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयास त्याचें नांव दिलें आहे. त्याच जलाशयाखालीं जुनें आंबेगांव बुडालें आहे, हीही इतिहासाची एक नोंद आहे.

(१०) गिरण्यांचाही काळ पुढें सरला. १८ जानेवारी १९८२ पासून सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार उतरले, आणि त्यानंतर मुंबईच्या बहुतेक गिरण्या पुन्हां पूर्वींसारख्या उभ्या राहिल्या नाहींत. कित्येक घरांनीं गांवचा रस्ता पुन्हां धरला. त्या घरांच्या पेट्यांत, फडताळांत आणि माळ्यावर अद्याप कांहीं कागद शिल्लक असतील : बस्त्याच्या याद्या, दुकानाच्या पावत्या, गिरणीचीं हजेरीपत्रकें, गांवीं पाठविलेल्या पैशांच्या मनिऑर्डरींच्या पोंचा. लग्न झालें कीं बस्त्याची यादी कोणी जपत नाहीं. पण उषवदाताच्या लेखांत जर बारा कार्षापणांची चीवरकिंमत कोरली नसती, तर त्या काळचें कापड काय भावानें विकत मिळे हें आपणांस कधींच कळलें नसतें. राजाच्या जांवयानें दगडावर लिहिलें म्हणून टिकलें. मजुराच्या बायकोनें पाठकोऱ्या कागदावर लिहिलेलें टिकविणें आपल्या हातीं आहे.

यासाठीं जुन्नर, आंबेगांव व आसपासच्या तालुक्यांतील वाचकांस आमची विनंति आहे कीं, अशा याद्या व वह्या रद्दींत देण्यापूर्वीं त्या एकदां पाहाव्या, त्यांवरील साल व गांव यांची नोंद करावी, आणि शक्य तर त्यांची नक्कल या मंडळाकडे पाठवावी. शंभर घरांच्या याद्या जमल्या तर कोणत्या सालीं कोणतें कापड कोठून आलें, काय भावानें आलें, आणि हातविणीचें लुगडें बस्त्यांतून केव्हां नाहींसें झालें, हें प्रथमच पुराव्यानिशीं सांगतां येईल. अक्षयनीवीचा नियम असा होता कीं मुद्दलास हात लावावयाचा नाहीं. हे कागद आपलें मुद्दल आहेत.